प्रेमिला कोर्ट

'शटरची खोली भाड्याने देणे आहे. वर येऊ नये, फोन करावा.' पाटीवर असं लिहिलेलं, म्हणून प्रेमिला रामटेकेने गल्लीतच उभं राहून, मान वर करून, नंबर पुटपुटत लावला. आणि फोन कानाशी नेण्याआधीच वरच्या गॅलरीतून कोणी बाई तिचं नाव घेऊन बोलली. बाई कसली, फोनच तो. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्या सोयीसाठी हल्ली फोन नाव वाचून दाखवतात, तसलाच. 'प्रेमिला कोर्ट,' असं ती बाई म्हणाली. थोडी घंटी वाजली. पुन्हा म्हणाली, 'प्रेमिला कोर्ट.' आवाजात राग नाही, घाई नाही, ओळखही नाही. समोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या दोघांनी आधी गॅलरीकडे पाहिलं, मग खाली प्रेमिलाकडे, मग पुन्हा आपापल्या चहाकडे. आणि तेवढ्यात त्यांनी तिचा हिशोब मांडून, बेरीज करून, खाली रेघही ओढली. प्रेमिलाने लगेच फोन बंद केला. चोरी सापडल्यावर दुकानातली वस्तू जागेवर ठेवावी तसा. गंमत अशी की, या घराच्या मालकाने तिचं तोंड आजवर पाहिलेलं नव्हतं. तिचा नंबर त्याच्याकडे असण्याचं काही कारण नव्हतं, नाव असण्याचं त्याहून नव्हतं, आणि नावापुढचा तो शब्द तर तिने स्वतःच्या सख्ख्या भाच्यालाही कधी सांगितला नव्हता.

गॅलरीत एक म्हातारा आला. बंडी, धोतर, डोळ्यांवर मोतीबिंदू काढल्यानंतरचा काळा चष्मा. हे चंपतराव. सावनेरकडे शेती, इथे नागपुरात, सदरच्या मागच्या गल्लीत घर, आणि घराखाली ही शटरची खोली.

"कोर्टातून आल्या का जी तुम्ही?" त्यांनी वरूनच विचारलं.

"नाही जी. खोलीसाठी आली."

"मग हा फोन कोर्ट कोर्ट काहून म्हणून राहिला?"

प्रेमिलाने फोन पिशवीत टाकला. टपरीवरच्या दोघांनाही चहा उगाच गरम लागू लागला.

तरी चंपतराव खाली आले आणि त्यांनी शटर उचलून खोली दाखवली. भाडेकरू नको असला तरी दाखवायची हौस कोणत्या घरमालकाला नसते? खोली उत्तरेकडे उघडणारी होती. उजेड येत होता तो पांढरा, सारखा, दिवसभर न हलणारा. काळ्या कापडावर काळा दोरा घालणाऱ्या माणसालाच त्या उजेडाची किंमत कळावी. प्रेमिला बोलत होती चंपतरावांशी, पण मनात तिने मशीन भिंतीशी लावली, कापायचा टेबल मधे ओढला आणि मागच्या कोपऱ्यात पडद्याची तार ठोकली. त्या तारेसाठीच तिला ही खोली हवी होती. ती वकिलांचे काळे कोट शिवत असे, त्यातही वकील बायांचे. घरी एकच खोली, तिच्या गल्लीत गाडी शिरत नाही. म्हणून मापं घ्यायची ती कोर्टाच्या आवारात, बाररूमच्या मागच्या बोळात, नाहीतर उभ्या गाडीची दोन दारं उघडून त्यांच्या आड. दार धरून उभी असलेली एखादी वकीलबाई येणाऱ्या-जाणाऱ्यावर असे डोळे वटारी की तो पळे. तरी मान वळवून पाही, ते पाहीच. एक पडदा, त्याच्या आड एक आरसा, आणि बाहेरून न दिसणारं माणूस, एवढंच प्रेमिलाला हवं होतं.

"आडनाव काय म्हणलं?"

"रामटेके."

चंपतराव जरा थांबले. "हरकत नाही," ते म्हणाले. "आपल्याइथे तसलं काही नाही. आजकाल कोण पाहते?" म्हणजे त्यांनी पाहिलं होतं, तोललं होतं आणि बाजूला ठेवलं होतं, आणि त्या ठेवण्याचं थोडं श्रेय आपल्या नावावर जमाही करून घेतलं होतं. प्रेमिलाला याची सवय होती. आडनाव हा तर फोन नसतानाच्या काळापासूनचा फोन. माणूस पोचायच्या आधी तो वाजतो. "पण कोर्टाचं जमत नाही बाई मले. कोर्टवाला माणूस घरात घुसला की घर त्याचं. एक पोरगा मागे लागला आहे, मोबाईलचे कव्हर विकते. त्याले मी परवापर्यंत थांबवतो. तुम्ही तोवर हे फोनात काय येऊन राहिलं ते निस्तरून या. मग किल्ली घेऊन जा."

रस्त्याला लागल्यावर प्रेमिलाला भीती वाटायला हवी होती. तिने तशी वाटही पाहिली, चौक येईपर्यंत. पण आधी आली ती भीती नव्हे, उत्सुकता. अगदी बेशरम, शेजारणीच्या भांडणाला कान लावणारी उत्सुकता, फरक एवढाच की या खेपेला शेजारीण ती स्वतःच होती. आपण लोकांच्या फोनात राहतो हे तिला ठाऊक होतं. पण काय नाव घेऊन राहतो हे तिने कधी विचारलं नव्हतं. म्हणजे गावभर आपली एकेक प्रेमिला फिरते आहे, खिशात, पर्समध्ये, उशाशी, आणि प्रत्येकीला कोणीतरी आपल्या मनाने चिकटवलेलं एक शेपूट आहे, जे फक्त आपल्यालाच दिसत नाही, कारण स्वतःला कोण फोन करतं? घराकडे निघालेल्या ऑटोत बसल्यावर ऑटोवाल्याला, तो नेहमीचाच, तिने विचारलंच, "भैय्या, मले तुमच्या फोनात काय नाव दिलं?" तो आधी लाजला, मग म्हणाला, "सिलाई आंटी. बुरा मत मानना." शेजारच्या मिनलने हसत हसत दाखवलं, 'प्रेमिला टाचणी', कारण एकदा तिच्या ब्लाउजमध्ये टाचणी राहून गेली होती आणि ती टोचली होती भर लग्नात, नवरदेवाच्या आईला भेटताना. खापा गावातल्या भावाच्या फोनात ती 'बाई' होती, नुसती बाई. या तिन्ही जणी तिला ओळखीच्या वाटल्या. त्यांच्याशी बसून चहा पिता आला असता. पण चौथी, ती कोर्टवाली, ती कुठून आली? तिला कोणी घरात घेतलं?

त्या कोर्टवालीला ओळखणारी माणसं होती ती सगळी कामठीची. कामठीला तिचं लग्न झालं होतं, नत्थूशी. नत्थू पॉवरलूमवर होता. दिवसभर मागाच्या खडखडाटात राहिल्यामुळे तो घरी मोठ्याने बोलत असे, असं ती पहिल्या वर्षी लोकांना सांगे. पुढे पुढे सांगायचं काही उरलं नाही, मोठ्याने बोलण्याचं इतर गोष्टींत रूपांतर झालं. मग कामठीच्याच कोर्टात तिने केस टाकली. त्या केसमधलं तिला आता फारसं आठवत नाही; तारखा, शिक्के, वकिलाचं नाव, सगळं धुऊन गेलं आहे. राहिलं ते एवढंच की व्हरांड्यात पंखा नव्हता, आणि शिपायाने पुकारा करताना तिच्या नावाला नत्थूचं नाव जोडून हाक मारली, म्हणजे ज्याच्यापासून सुटायला आली त्याच्याच नावाने ती आत गेली. आणि समोरच्या वकिलाने भर खोलीत विचारलं, कुठे कुठे मारलं ते दाखवा. तिने मनगट दाखवलं. मनगटच दाखवलं. न्यायाधीश फाइलीत पाहत होते, भला माणूस. बाकी सगळी खोली मनगटाकडे पाहत होती, आणि तिला पहिल्यांदा कळलं की बघणाऱ्याला जखमेचं काही पडलेलं नसतं, त्याला फक्त बघायचं असतं. ती केस जिंकली. पण नंतर कामठीत कोणीही तिच्याशी बोलायला आलं की त्याची नजर आधी मनगटावर जाई, मग चेहऱ्यावर. पाटी वाचून मग दुकानात शिरावं तशी. म्हणून ती नागपुरात आली. इथे कोणी विचारलं तर ती म्हणे, "नवरा नाही." दोन अक्षरी 'नाही', समोरचा त्यात आपल्या सोयीने मरण घाली आणि चुकचुके. प्रेमिला चुकचुकू देई. खोटं ती बोललेली नव्हती, खरं कोणी मागितलेलं नव्हतं. ज्याने त्याने आपल्या पदरचं कापड घालून झाकून घेतलं होतं, आणि तिचं बरं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दीप्ती मॅडमचा कोट द्यायला कोर्टात गेली. ज्या शब्दाची काल धास्ती घेतली, रोजचं पोट त्याच शब्दाच्या आवारात भरायचं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला हसू आलं. दीप्ती मॅडम चाळिशीच्या आतबाहेर, बोलायला धारदार, हसायला त्याहून. झाडाखालच्या आपल्या टेबलाशी बसल्या होत्या. कोट अंगात घालून त्यांनी आधी डावा खांदा, मग उजवा उडवून पाहिला, दोन्ही हात सवाल करताना करतात तसे पुढे फेकले, आणि समाधानाने म्हणाल्या, "ताई, हा कोट घालून मी हरली तर दोष जज्जाचा."

"मॅडम, मी तुमच्या फोनात काय आहे?" प्रेमिलाने विचारलं, आणि कालचं सगळं सांगितलं, कामठी सोडून.

दीप्ती मॅडमने आपला फोन पुढे केला. त्यावर 'प्रेमिला कोर्ट' असंच होतं. म्हणजे यांनाही ठाऊक. सारं आवार ओळखून आहे, आणि गाडीच्या दाराआड माप देताना या बाया आपल्या मनगटाकडे पाहत असतील.

"हे मी नाही लिहिलं वं," दीप्ती मॅडम म्हणाल्या. "हे मले असंच आलं. महादेवरावांनी पाठवलं होतं, ग्रुपवर. ओ महादेवरावजी, या इकडे!"

महादेवराव हे तिथलेच एका म्हाताऱ्या वकिलाचे मुन्शी. त्यांच्या काखेत फाइली आणि तोंडात सुपारी, दोन्ही कायमची. त्यांनी आरोप ऐकून घेतला, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि शांतपणे म्हणाले, "बरोबरच तर आहे. प्रेमिलाबाई, कोटवाली. कोट."

"हे कोट नाही जी, कोर्ट आहे. सी ओ यू आर टी," दीप्ती मॅडमने अक्षरं मोजून सांगितली.

"हाव ना. कोट." महादेवरावांना फरक ऐकू आला नाही. त्यांच्या तोंडात अंगातला कोट आणि न्यायाचा कोट एकाच हॅंगरला टांगलेले होते, जन्मापासून. मग दीप्ती मॅडमने दोन्ही शब्द कागदावर इंग्रजीत लिहून दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन बराच वेळ पाहिलं. "आता बाप्पा," ते म्हणाले, "सारी उमर हे एकच लिहीत आलो. अर्जावर लिहा कोर्ट, वकालतनाम्यावर लिहा कोर्ट. बोटाले दुसरं येते कुठे? कोट म्हणलं की ते आपलं जाते तिकडं." आणि प्रेमिलाकडे वळून, जरा ओशाळून पण जरा खट्याळपणेही, "पण बाई, धंदा तर वाढला का नाही तुमचा? साऱ्या वकिलाईले मीच तर पाठवला तो नंबर."

प्रेमिला इतकी हसली की तिला टेबलाला धरावं लागलं. कामठी नव्हे, नत्थू नव्हे, मनगट नव्हे. एका मुन्शीचं बोट! आपलं सारं गुपित कोणी चोरलंच नव्हतं. कोणी ते शोधायलाही आलं नव्हतं. दुसऱ्याच्या पत्त्यावर निघालेल्या माणसाने चुकून बरोबर तिचंच दार वाजवलं होतं, एवढंच. हसता हसता तिला एक बारीकसा अपमानही वाटला, आणि तो का वाटावा हे तिला सांगता आलं नसतं. एवढी जपून ठेवलेली गोष्ट, आणि कोणालाच तिच्यात काही रस नव्हता.

पण चंपतरावांच्या फोनात ते गेलं कसं, हे कोडं उरलंच होतं. दीप्ती मॅडमने ते सोडवलं, आणि सोडवताना त्यांची वकिली जरा जागी झाली. नाव दाखवणारं एक ॲप असतं. ते ज्याच्या फोनात बसतं त्याचे सगळे नंबर, सगळी नावं उचलून नेतं, आणि मग दुसऱ्या कोणालाही फोन आला की सांगतं, अमका आहे. आवारातल्या बऱ्याच जणांनी ते घेतलेलं. बऱ्याच जणांकडे तू कोर्ट, म्हणून तू कोर्ट. तुला विचारायचा प्रश्नच नाही. तू त्यात कुठे आहेस?

"पण नाव तर माझं आहे."

"तुझंच आहे. खाजगीपणाचा हक्क आहे ताई आपल्याले, दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं सांगितलं आहे."

"मग याले कोण सांगन?" प्रेमिलाने फोनाकडे बोट दाखवलं.

दीप्ती मॅडम हसल्या. "याले अर्ज करावा लागते. इंग्रजीत. मग कधी काढतीन ते त्यांचं त्यांनाच माहीत. तुले तर उद्या पाहिजे ना? मग सोपं सांगते. तेच ॲप तू घे, आपलं नाव आपल्या हातानं टाक, 'प्रेमिला रामटेके, लेडीज कोट'. संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्याचा फोन तुले पदवी लावून हाक मारीन. आण इकडे." आणि प्रेमिलाच्या हातातून फोन घेऊन त्यांनी ॲप उतरवूनही घेतलं. वकिलाची बोटं. "नाव... नंबर... हं. आता हे विचारून राहिलं, तुमचे संपर्क पाहू देता का म्हणून. त्याशिवाय हे पुढे जात नाही. देऊन टाकू?"

प्रेमिलाने पडद्यावर पाहिलं. खाली दोन चौकोन होते, एक निळा, एक फिका. आणि दीप्ती मॅडमचा अंगठा निळ्याच्या वर उतरत होता. त्या अंगठ्याच्या मागे, नव्या कोटाच्या डाव्या बाजूला, अस्तराच्या आत, छातीच्या रिकाम्या जागी, एक मऊ पिशवी होती, प्रेमिलाने आपल्या हाताने शिवलेली. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून परतल्यावर दीप्ती मॅडम पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा गाडीच्या दाराआड त्यांनी सदरा वर केला होता आणि दुसरीकडे पाहत म्हटलं होतं, "ताई, नुसतं दिसायले नको. वजनालेही बरोबर पाहिजे. नाहीतर मी एका अंगानं चालते." प्रेमिलाने बाहेरून कापूस आणि आत राई घातली होती; राई उतरते, हलते, श्वासाबरोबर बसते. आणि फोनात नाव लिहिताना, उद्या यांचाच फोन आला तर हाताला सगळं आठवावं म्हणून, तिने लिहिलं होतं, 'दीप्ती मॅडम डावी राई'.

तिने फोन ओढून घेतला. जवळजवळ हिसकलाच.

"काय वं!" दीप्ती मॅडम थक्क झाल्या. "कोणी लपवून ठेवला आहे काय त्याच्यात?"

"आहे ना. लय जण आहेत."

"मग मी कोण आहे? माझं काय नाव आहे तुझ्या फोनात? मी तर दाखवलं माझं."

"दीप्ती मॅडम."

"नुसतं?"

"नुसतं," प्रेमिला म्हणाली, आणि तिला आठवलं की खोटं बोलायला किती कमी वेळ लागतो. महादेवराव तिथेच सुपारी चघळत उभे होते, आणि त्यांची मान कुतूहलाने थोडी पुढे आली होती.

घरी येऊन तिने मशीन उघडली नाही. खाटेवर बसून फोन उघडला आणि आपणच लिहिलेली नावं पहिल्यांदा, परक्याची वाचावीत तशी वाचली. उतार खांदा पांढरे. पोक झाकणे बोरकर. पोट पुढे साहेबीण. मेघा नवरा उचलेल बोलू नको. सातवा महिना सांगितलं नाही कोणाला. शिंप्याच्या हातून माणसाचं अंग जातं आणि अंगाबरोबर सगळंच जातं. टेप छातीवरून फिरवताना बाया काय काय बोलून जातात, जणू मापासाठी श्वास सोडायला सांगितला की बाकीचंही सुटतं. तिने कोणाचं वाईट व्हावं म्हणून यातलं काही लिहिलं नव्हतं. महादेवरावांनीही नव्हतं. तिचं बोट आणि त्यांचं बोट एकाच जातीचं निघालं: जे हाताला सवयीचं ते लिहून मोकळं होणारं. ती उगाच पुढे सरकत राहिली, आणि तिला वाटलं, आपण रस्त्यावर उभ्या आहोत, हातात किल्ली आहे, आणि मागे या सगळ्या जणी अर्धं अंग उघडं टाकून भिंतीकडे तोंड करून उभ्या आहेत, आपल्या भरवशावर.

मग तिला एक सोपी युक्ती सुचली: शेपटं कापून टाकावीत. 'दीप्ती मॅडम'च्या पुढचं तिने पुसलं. 'मेघा'च्या पुढचं पुसलं. हे तर जमत होतं. रात्री जेवणाआधी सगळी यादी धुऊन निघाली असती, मग खुशाल निळा चौकोन दाबावा, उद्या पडद्याची तार ठोकावी. पण पांढरेबाईच्या नावाशी येऊन ती अडली. शेपूट पुसल्यावर खाली नंबर उरला, नुसता, कोरा. आणि तो कोरा नंबरही पांढरेबाईने तिलाच दिला होता, टेपच्या आत उभं राहून दिलेल्या मापासारखा. तो तिच्याकडे होता, तिचा नव्हता. आपलं नाव धुवायला इतक्या जणींचं पाणी वापरायचं? तिने स्वतःलाच चिडून विचारलं, तुले काय पडलं आहे, सारी दुनिया देऊन राहिली. तरी तिने ॲप काढून टाकलं, शेपटं मात्र पुसत राहिली. आणि प्रत्येक शेपटाबरोबर ते माणूस तिला जरा जास्त नीट आठवू लागलं, याचं तिला नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती चंपतरावांकडे गेली तेव्हा ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, आणि या खेपेला त्यांनी तिला वर बोलावलं. म्हणजे त्यांनाही राहवत नव्हतं.

"निस्तरलं?"

प्रेमिलाने कोट आणि कोर्ट समजावून सांगितलं, महादेवरावांच्या सुपारीसकट. चंपतरावांनी ऐकलं, मजा वाटली, पण तपासल्याशिवाय सोडणारा तो माणूस नव्हता. "लावा बरं." तिने फोन लावला. 'प्रेमिला कोर्ट,' ती बाई स्वच्छ म्हणाली.

"अजून तेच म्हणून राहिला."

"म्हणू द्या जी. ते बदलत नाही."

"फोन काय मनाचं बोलते का?"

"दुसऱ्याच्या मनाचं बोलते."

आतून एक तरुण, झोपेतला आवाज आला, "बाबा! सकाळी सकाळी कोणाले घेऊन बसले? समजत नाही का एकदा सांगितलेलं?" चंपतरावांची मान आवाजासरशी किंचित खाली गेली. "विक्की. पोरगा माझा," ते घाईने म्हणाले, आणि खुर्ची जराशी पुढे ओढून आवाज उतरवला. "बरं, कोट. मानलं. पण बाई, तुम्ही स्वतः? कोर्टाची पायरी कधी चढल्या का नाही? एवढं सांगा, न् घ्या किल्ली."

सगळं तयार होतं. 'नाही' हा शब्द तिच्या जिभेवर इस्त्री होऊन बसला होता. कालच्या एका 'नुसतं'पेक्षा तो मोठा नव्हता. मागच्या कोपऱ्यातली तार तिला दिसली, आरसा दिसला, उत्तरेचा उजेड. आणि 'हो' म्हणायचाही एक मोह होता, मान ताठ करून, हो, चढली, जिंकलीसुद्धा, बघा हे मनगट. पण तोही तिला कामठीच्या त्या खोलीतलाच वाटला, सगळ्यांसमोर बाही वर करणारा.

"काकाजी," ती म्हणाली, "माझ्याजवळ लोकांची मापं राहतात. कोणाचं पोट, कोणाचं पोक. कोणी विचारलं तर मी सांगत नाही. तसं हेही सांगत नाही."

"हे कोणाचं माप?"

"माझं."

चंपतरावांच्या काळ्या चष्म्यामागे डोळे कुठे होते कळत नव्हतं. प्रेमिला उठायच्या बेतात होती. मोबाईलच्या कव्हरांची रांग तिने मनातल्या मनात त्या भिंतीवर लावूनही टाकली होती. मग ते म्हणाले, तिच्याकडे न पाहता, रस्त्याकडे पाहत, "ही छत पातळ आहे. वरचे आवाज खाली जातात. कधी कधी होतात आवाज. मागचा भाडेकरू टपरीवर सांगत बसे." आणि हे सांगताना त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला होता तो तसाच ठेवला; आल्यापासून त्यांनी तो उचललाच नव्हता. शिंप्याच्या नजरेला खांदा कळतो. हा खांदा म्हातारपणाने उतरलेला नव्हता.

म्हणजे हे कोर्टाचं भय खोलीसाठी नव्हतंच, वरचे आवाज कोर्टात पोचू नयेत म्हणून होतं.

"बोलण्याचे आवाज मले ऐकू येत नाहीत," प्रेमिला म्हणाली. "मशीन चालू असते."

चंपतरावांनी सुटल्यासारखी मान हलवली.

"मारण्याचे येतात."

आत भांडं आदळलं. चंपतरावांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि इतक्या हळू विचारलं की तिला ओठांवरून समजून घ्यावं लागलं, "कोणाले मारल्याचे?"

"कोणालेही."

"बाबा!" विक्की ओरडला. चंपतरावांनी ओ दिली नाही. बंडीचा खिसा डाव्या अंगाला होता, तरी त्यांनी उजवाच हात वळवून, कष्टाने, आत घातला, बराच वेळ चाचपला आणि किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"शटर अटकते," ते म्हणाले. "लोक लाथ मारतात. तुम्ही नका मारू. हळूच उचललं की उघडते."